रुथ गॅलोवेबद्दलही लिहा की

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत रहस्यकथांवर पानभर मजकूर आला, आवडला, पण त्यात एली ग्रिफिथ्सच्या रुथ गॅलोवे सिरीजचं नावसुद्धा नाही हे बघून राहवलं नाही म्हणून लिहितेय. १५ पुस्तकं आहेत हो, पहिलं 'द क्रॉसिंग प्लेसेस' २००९ ला आलं, शेवटचं २०२३ ला.

रुथ पोलीस नाही. इंग्लंडात नॉर्फकला पुरातत्त्व शिकवते, हाडांतली एक्स्पर्ट, चाळिशीला टेकलेली, दोन मांजरं घेऊन खाजणाच्या कडेला एकटी राहते. तिथेच चिखलात हाडं सापडतात, इन्स्पेक्टर नेल्सनला वाटतं दहा वर्षांपूर्वी हरवलेली लूसी शेवटी मिळाली, आणि रुथ सांगते ही लोहयुगातली आहेत, दोन हजार वर्षं जुनी. म्हणजे लूसीच्या आईबापांचं वाट बघणं चालूच. मला तिथेच पुस्तकाने धरलं.

टीव्हीवर लॅबमधून पाच मिनिटांत रिपोर्ट येतो. खरं काम तसं नसतंच, हाड उचलायच्या आधी ते कसं पडलंय त्याचा फोटो, स्केच, भोवतीच्या मातीचे थर, मग कार्बन डेटिंगला आठवडे जातात आणि तरी नेमकं साल नाही, अमुक ते तमुक एवढंच मिळतं. हा सावकाशपणा या पुस्तकांत आहे आणि त्यानेच जास्त भीती वाटते.

आणि ती जागा! धड जमीन नाही धड समुद्र नाही, म्हणून प्राचीन लोक अशा दलदलीला पवित्र मानायचे असं लेखिकेच्या नवऱ्याने (तोही पुरातत्त्ववालाच) फिरताना सांगितलं आणि तिथून सिरीज सुचली. कथेत त्या दलदलीत लाकडी खांबांचं एक प्राचीन वर्तुळ आहे, तेही हवेतून आलेलं नाही, १९९८ मध्ये नॉर्फकमधल्या होम गावाच्या किनाऱ्यावर खरंच सापडलं होतं, ओकचे ५५ खांब, मधोमध उलटा पुरलेला बुंधा, इसवी सनापूर्वी २०४९ मधलं. ते उकरून न्यायला ड्रुइड लोकांनी (प्राचीन निसर्गपूजक पंथ आजही मानणारे) विरोध केला होता, पुस्तकातलं कॅथबॅड हे ड्रुइडाचं पात्र वाचताना तेच आठवतं.

मधल्या काही भागांत रुथ आणि नेल्सनचं प्रकरण खुनापेक्षा जास्त जागा खातं, ते मला खटकतं. तरी क्रमानेच वाचावी, मधून उचलू नये.

तर पुरवणीत यावर नीट लिहा, आणि कुणी प्रकाशक वाचत असतील तर मराठीत आणायचं मनावर घ्या, फक्त अनुवाद करणाऱ्याने भरती-ओहोटी स्वतः बघितलेली असावी.

आपली,
एक नियमित वाचक, चिपळूण