वकीलसाहेब, पुठ्ठ्यावरच्या तीन तारखांबद्दल आभार

आदरणीय वकीलसाहेब,
सप्रेम नमस्कार.

विधान परिषदेतली तुमची मुदत संपली. मधेच रिकाम्या झालेल्या जागेवरची नेमणूक, म्हणजे सहा वर्षं नाहीतच. आधीच्या सदस्याची उरलीसुरली मुदत तेवढी. त्यात नागपूरचं एकच हिवाळी अधिवेशन वाट्याला आलं. राज्यपालांच्या 12 जागांसाठी संविधानाच्या कलम 171(5)मध्ये साहित्य, विज्ञान, कला, सहकार चळवळ आणि समाजसेवा एवढेच रकाने, वकिलीचा नाही. तुम्ही समाजसेवेच्या रकान्यातून गेलात आणि तिथेही वकिलीच केलीत, याचंच आम्हा गोसीखुर्द धरणात जमिनी गेलेल्या खातेदारांना कौतुक.

धरणाचं भूमिपूजन 1988 सालचं. तेव्हापासून हार घालून घ्यायला पुष्कळ आले, पण 1894च्या भूसंपादन कायद्यातलं कलम 28-अ कोणी उलगडून सांगितलं नाही. एकाच अधिसूचनेत जमिनी गेल्या आणि शेजाऱ्याने न्यायालयातून दर वाढवून आणला, तर ज्याने कलम 18चा, म्हणजे वाढीव मोबदल्यासाठी न्यायालयात जाण्याचा, अर्ज केलाच नव्हता त्यालाही तो दर जिल्हाधिकाऱ्याकडे मागता येतो. मुदत मात्र न्यायालयाच्या निवाड्यापासून तीन महिने. निवाडा झाल्याचं शेजाऱ्याला कळतं, आपल्याला कोणी कळवत नाही. घोडं इथेच अडतं. पारावर बातमी येईस्तोवर निम्मी मुदत सरलेली असते.

तुम्ही प्रत्येकाच्या फाईलच्या पुठ्ठ्यावर स्वतःच्या हाताने, तांबड्या शाईने तीन तारखा लिहिल्या. निवाड्याच्या नकलेचा अर्ज कधी केला, नक्कल तयार कधी झाली, आणि खाली ठळक अक्षरात 'शेवटचा दिवस'. नक्कल मिळायला लागलेले दिवस मुदतीतून वगळतात. पण तयार नक्कल खिडकीत पडून राहिली तर ते दिवस आपल्याच बोकांडी बसतात. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायांनीही त्या तारखा शेजारणींना दाखवून पाठ केल्या.

ज्यांची मुदत उलटली होती त्यांना तुम्ही तोंडावर सांगितलंत, "जिल्हाधिकाऱ्याला उशीर माफ करता येत नाही, उगाच पैसे घालू नका." याच मेलेल्या अर्जांचे आगाऊ पैसे घेऊन वर्षभर "तारीख पडली जी" म्हणणारेही आमच्या ओळखीचे आहेत. 'होणार नाही' हे वेळेवर सांगायला सचोटी लागते. राजकारणात तर 'बघू' म्हणत लोकांनी हयात काढली.

सभागृहातही तुम्ही भाषण झोडलं नाहीत. लक्षवेधी सूचना लावलीत आणि प्रलंबित 28-अ अर्ज कधी निकाली काढणार एवढंच विचारलंत. सदस्याची मुदत संपली की त्याचा उत्तर न मिळालेला प्रश्न बुडतो. मंत्र्याने सभागृहात दिलेलं आश्वासन मात्र, ते पाळलं का हे बघणाऱ्या आश्वासन समितीकडे जातं, सदस्य राहो न राहो. ही मेख वकिलालाच सुचायची.

आमदार निवासातली खोली सोडून तुम्ही पुन्हा सिव्हिल लाइन्सला कोर्टात बसू लागलात असं कळलं. भिवापूरकडचे आणखी काहीजण येतील. त्यांना नकलेचा अर्ज आधी टाकायला सांगितलं आहे.

आपले,
कुही-भिवापूरचे खातेदार