मे महिन्यात कोर्टालाही सुट्टी असते

मा. विधी व न्याय मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स. न. वि. वि.

मी सिंधुदुर्गात वकिली करतो. आमच्याकडच्या घटस्फोटाच्या प्रकरणांत बहुधा एक पालक मुंबईत असतो, दुसरा गावात. पोर एकाकडे, आणि दुसऱ्याच्या वाट्याला सुट्ट्या: गणपती, शिमगा, मे महिना. भांडण पेटतं तेही यावरूनच. चतुर्थीला पोर कुणाच्या घरी, याचा आदेश अनंत चतुर्दशीनंतर हातात पडला तर त्याचं करायचं काय?

कुटुंब न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम १९ प्रमाणे ३० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं. पण एका सुट्टीपुरता भेटीचा आदेश अंतरिम, म्हणजे अंतिम निकालाआधीचा तात्पुरता, असतो. त्यावर अपीलच नाही, उच्च न्यायालयात वेगळी रिट याचिका करावी लागते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ मध्ये मुलांच्या पालनपोषणाचा आणि शिक्षणाचा अंतरिम अर्ज शक्यतो ६० दिवसांत निकाली काढा, असं आहे. भेटीच्या अर्जाचा त्यात उल्लेख नाही. म्हणजे शाळेच्या फीला मुदत आहे, पोराचं तोंड बघायला नाही. त्याच कायद्याचं कलम २१-ब म्हणतं, अपील तीन महिन्यांत ऐकून संपवण्याचा प्रयत्न करा. तेवढ्यात मे महिना जाऊन शाळा सुरू झालेली असते. यातली बरीच प्रकरणं १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली चालतात, तिथे एवढीही मुदत नाही.

त्यात मे महिन्यात कोर्टच बंद. सुट्टीतलं न्यायालय असतं, पण तिथे तातडी पटवून द्यावी लागते, आणि ‘पोराला भेटायची कसली आलीय घाई’ हे समोरच्या वकिलाचं वाक्य ठरलेलं.

एक चांगलं झालं. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गाची मुंबईवारी वाचली. (रायगडकरांची नाही.) पावसात घाटात दरड आली की पक्षकार अडकतो तो अडकतोच, म्हणून या प्रकरणांत व्हिडिओवरून हजेरी मागितली की मिळावी, एवढं उच्च न्यायालयाला कळवा.

खटले किती वेगाने चालावेत हे आपल्या हातात नाही, ठाऊक आहे. पण विवाह आणि अज्ञान मुलं हे विषय समवर्ती सूचीत आहेत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही त्यांवर कायदा करता येतो. राज्यापुरती दुरुस्ती करून कलम २६ च्या त्या ६० दिवसांत भेटीचा अर्जही आणता येईल. राष्ट्रपतींच्या संमतीला वेळ जाईल, म्हणून मसुदा येत्या अधिवेशनातच मांडा. तोवर जिल्हा न्यायालयांना या भेटींसाठी एक समुपदेशक आणि एक खोली द्या, खेळणी नसली तरी चालतील. आज ही भेट कोर्टाच्या व्हरांड्यात नाहीतर एसटी स्टँडवर होते, आणि दोन्हीकडचे नातेवाईक मोबाइल रोखून उभे असतात.

दुरुस्ती जेमतेम एका ओळीची आहे. विभागाने सांगितलं तर मसुदा मी लिहून पाठवतो.

आपला,
सिंधुदुर्गातील एक वकील