ते ऋणाचं वाक्य

इंदूर,
८ ऑक्टोबर

प्रिय आई-बाबा,

सप्रेम सलाम.

हे फोनवर बोलणं जमलं नसतं. बाबा, तुम्ही मध्येच "असू दे गं, असू दे" म्हणाला असता आणि आईने जेवलीस का म्हणून विचारलं असतं. म्हणून पत्र. बँकेत सह्या करून करून अक्षर बिघडलंय, तेव्हा चष्मा लावून वाचा.

धाकट्या काकांच्या मुलाचा परवा फोन आला होता. काकांचं डायलिसिस सुरू झालंय, हे त्याने तुम्हालाही कळवलं असेल. "काळजी घ्या" एवढं बोलून मी फोन ठेवला आणि बराच वेळ गॅलरीत उभी राहिले. खरं सांगू? मनात पहिलं काय आलं, तर आता ते पैसे काही परत येत नाहीत. इतक्या वर्षांनी! म्हणजे आतल्या आत माझी वसुली अजून चालूच होती.

झालं काय ते तुम्हाला मी काय सांगणार, पण माझ्या बाजूने ते तुम्ही कधी ऐकलेलं नाही. २००३ साली मी बारावीत होते. काकांनी टेम्पोसाठी पतसंस्थेचं कर्ज काढलं आणि बाबा जामीनदार राहिले. वर्षाच्या आत टेम्पो विकून काका पुण्याला निघून गेले, आणि पतसंस्थेचं पत्र बाबांच्या शाळेत येऊन पडलं. दरमहा २,७०० रुपये पगारातून कपात, सहा वर्षं. हा आकडा मला पाढ्यासारखा पाठ आहे. आईच्या पाटल्या पहिल्याच पावसाळ्यात गेल्या. माझं इंजिनिअरिंग राहिलं, त्याचं आता काही वाटत नाही, बी.कॉम. केलं म्हणून तर बँकेत लागले. पण आजीच्या मातीला काका आले आणि चारचौघांत म्हणाले, "दादाने आपल्या मर्जीने सही केली, मी काय हात धरला होता?" ते मात्र काही केल्या जाईना.

आणि रोज रात्री प्रार्थनेत काकांचं नाव! जेवणं उरकली की चटई अंथरायची, बाबांनी ती निळ्या पुठ्ठ्याची वही काढायची, आणि आजारी, विधवा, परीक्षेला बसलेली मुलं अशी एकेक नावं घेत यायचं. काकांचं नाव चौथं. पेन्सिलीने लिहिलेलं, बोट फिरून फिरून पुसट झालेलं, आणि तुम्ही ते परत गिरवलेलं. ते नाव आलं की मी एक डोळा उघडायचे. समोर आईचे जोडलेले हात दिसायचे, मनगटात नुसत्या काचेच्या बांगड्या. मला वाटायचं, हे बाबांचं चांगुलपण कोणाच्या खर्चाने चाललंय? वाईट वाटून घेऊ नका, तेव्हा वाटायचं तेच लिहितेय.

शेवटी सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणायचो. "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे" आलं की मी नुसते ओठ हलवायचे. तुम्हा दोघांच्या आवाजात ते खपून गेलं. पुढे होस्टेलवर, मग इथे इंदुरात चर्चच्या मंडळीत बसूनसुद्धा ते वाक्य मी गाळत आले. सोडलं नव्हतं, तर सोडलं म्हणून देवासमोर खोटं कशाला बोलायचं, हा माझा हिशोब.

लग्नानंतर मात्र मी स्वतःची समजूत घातली की आपण काकांना क्षमा केलीय. त्यांचा विषय काढत नाही, भेटले तर सलाम करते, अजून काय हवं? ती क्षमा कसली होती हे मला बँकेतच कळलं. आमच्याकडे कर्ज फारच थकलं की ते राइट ऑफ करतात. लोकांना वाटतं माफ झालं. तसं नसतं. ताळेबंदातून ते खातं निघतं एवढंच. कर्जदाराच्या डोक्यावरचं कर्ज तसंच राहतं आणि वसुलीची माणसंही जात राहतात. गेल्या महिन्यात एका म्हातार्‍या ग्राहकाला हा फरक समजावून सांगताना माझीच जीभ अडखळली. काकांचं खातं मी असंच राइट ऑफ केलं होतं. वर काही दिसायचं नाही, आत तगादा चालू.

तर परवा, तो फोन आल्यावर, रात्री पवित्र शास्त्र घेऊन बसले. क्षमेचं काही वाचायची ताकद नव्हती. स्तोत्र १०९ काढलं. बाबा, तुम्ही हे स्तोत्र आमच्याकडून कधी पाठ करून घेतलं नाहीत, का ते आता कळतं! शिव्याशापांची नुसती सरबत्ती आहे. सावकार त्याचं सर्वस्व हिरावून नेवो, हेसुद्धा आहे त्यात, अकराव्या ओवीत. मी मोठ्याने वाचायला लागले. हे शेजारच्या खोलीतून उठून आले, दारातून बघितलं आणि काही न बोलता परत गेले. वाचताना बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू. देवाशी काकांबद्दल आयुष्यात पहिल्यांदा मी खरं बोलत होते.

पण त्याची मुलं पोरकी होवोत, ही ओवी आली आणि आवाजच निघेना. डोळ्यांसमोर तो चुलतभाऊ आला. आजीच्या मातीच्या दिवशी तो सात-आठ वर्षांचा असेल. वडील काय बोलून गेले याचा त्याला पत्ताच नव्हता. माझ्या ओढणीचं टोक धरून तो विचारत होता, "ताई, आजीला अंधारात भीती नाही वाटणार?" परवा फोनवर त्याचा आवाज तसाच होता. मी म्हटलं, प्रभू, हे नको. याला पोरका करू नको.

तोंडातून गेल्यावर कळलं की ही काकांसाठीचीच प्रार्थना झाली. मुलगा पोरका व्हायला नको, तर बापाने जगायला हवं ना! मागच्या दाराने का होईना, काका आत आले. वैर्‍यांवर प्रीती करा वगैरे माझ्या मनात काहीही नव्हतं, आई. तेवढं एक वाक्य बोलून झोपले. दुसर्‍या दिवशी परत तेच. तिसर्‍या दिवशी त्यात, हाताच्या सुया फार दुखू देऊ नको, हे वाढलं. अजून त्यांचं नाव घेताना घसा आवळतोच, पण प्रार्थना अडत नाही.

इथल्या माझ्या एका मल्याळी मैत्रिणीला हे सांगितलं तर तिने राणी मारिया सिस्टरांची आठवण काढली. त्या केरळच्या, पण काम या आपल्या इंदूरजवळ, उदयनगरच्या आदिवासींमध्ये. सावकारांच्या कर्जातून शेतकर्‍यांना सोडवत होत्या म्हणून काहींच्या डोळ्यांत खुपल्या. २५ फेब्रुवारी १९९५ ला समंदर सिंग नावाच्या माणसाने बसच्या प्रवासात त्यांना भोसकून मारलं. त्यांची धाकटी बहीण सेल्मी पॉल, तीही सिस्टर, २००२ साली तुरुंगात गेली आणि तिने त्याला राखी बांधली. २००६ मध्ये तो सुटला, त्यासाठीही राणी मारियांच्याच माणसांनी खटपट केली. २०१७ च्या नोव्हेंबरात इंदुरातच राणी मारियांना धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं. मैत्रीण हे सांगून माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, बाई, एवढं काळीज माझ्याकडे नाही, आणि माझं दुःखही एवढं नाही. मला मधली सात वर्षं जाणून घ्यायचीत. मारल्यापासून राखीपर्यंत ती बहीण रोज रात्री काय म्हणत असेल? तिलाही आधी नुसते ओठच हलवावे लागले असतील का?

बाबा, एक मात्र स्पष्ट लिहिते. प्रार्थना वेगळी आणि सही वेगळी. काकांच्या उपचारासाठी परत कुठे कागदावर सही मागितली तर करायची नाही. तुम्ही लगेच फिलेमोनाचं पत्र काढाल, की पौलाने अनेसिमस नावाच्या दासासाठी "ते माझ्या हिशोबी मांड" असं स्वतःच्या हाताने लिहून दिलं. माहीत आहे मला, शंभरदा ऐकलंय. नीतिसूत्रांचा बाविसावा अध्याय पण वाचा: जामीन राहू नकोस, नाहीतर अंगाखालचं अंथरूण काढून नेतील. आपलं काय काय नेलं ते आईला विचारा. द्यायचंच असेल तर मी इथून थोडे पैसे पाठवते, परत न मागायच्या बोलीवर. तुमच्या पेन्शनला हात लावू नका.

आणि आई, तू गेल्या नाताळात चकल्या तळताना सहज बोलून गेलीस, "पहिली दोन वर्षं मी नुसतं आमेन म्हणायचे, मनात नव्हतं." झार्‍याने तेल निथळत होतीस, माझ्याकडे बघितलंही नाहीस. त्या दिवसापासून माझ्या मनावरचं ओझं निम्मं झालं. मी समजत होते चटईवर मी एकटीच लबाड होते. हे तू आधी का नाही सांगितलंस? असो. तिसर्‍या वर्षी काय झालं ते मला अजून विचारायचंय. आल्यावर विचारीन.

नोव्हेंबरच्या दुसर्‍या आठवड्यात रजा टाकतेय. येताना पुण्याला उतरून काकांना बघून येईन म्हणते. नक्की नाही, दारातूनही परत फिरेन कदाचित. तोवर एक करा. चुलतभावाला विचारून डायलिसिसचे वार आणि वेळ कळवा, मला विचारायला जड जातंय. आणि वहीत पेन्सिल पुसट झाली असेल तर आता ते नाव शाईने लिहा. खाली काकूंचं आणि त्या मुलाचंही घाला.

बाबा, बीपीची गोळी सकाळीच घ्यायची, चहाच्या आधी.

तुमची,
थोरली