बाबा, ते मीच बंद केलंय

ती. आई-बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, संगणकावर काहीही बिघडलेलं नाही. गाण्याच्या खिडकीत डाव्या बाजूला वरती जी एक-दोन नावं होती, ती दिसत नाहीत, कारण ती मी घालवली आहेत. मागच्या खेपेला आले होते तेव्हाच. समजून-उमजून केलंय आणि सध्या तरी परत लावायचा विचार नाही. फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही "बरं" म्हणून फोन आईकडे दिला असता आणि आई म्हणाली असती, "अगं, असू दे की, त्यांना तेवढाच विरंगुळा." म्हणून सविस्तर लिहितेय. दोघांनी मिळून वाचा. मध्येच चष्मा काढून ठेवू नका.

पहिल्यांदा धीराचं सांगते. तुमचं एकही गाणं गेलेलं नाही. तुम्ही कॅसेटवरून उतरवलेलं सगळं, सीडीवरून घेतलेलं सगळं, आजीचा आवाज असलेली ती तीन तुकड्यांची फाइल, सगळं जिथल्या तिथे आहे. 'म्युझिक' नावाचं ॲपही तेच आहे, खाली तेच लाल चौकोनातलं पांढरं चिन्ह. त्यातून बाहेरून येणारी गाणी, म्हणजे ॲपल म्युझिक ही सेवा, तेवढी मी नजरेआड केली. दादाचा त्यात काही संबंध नाही. त्याने हौसेने तुम्हाला त्याच्या फॅमिली वर्गणीत घेतलं, ती वर्गणी तशीच चालू आहे. त्यात सहाजणांना जागा असते, तुम्ही दोघं अजून तिथेच आहात. पैशाचाही प्रश्न नव्हता. त्याला कृपा करून असं सांगू नका की ताईने तुझी भेट काढून टाकली. आई, तुझ्या फोनवर ती सेवा जशी होती तशी आहे, तुला हवं ते शोधून ऐक. मी हात लावलाय तो फक्त बाबांच्या टेबलावरच्या संगणकाला.

आता का ते. बाबा, तुमचं एक वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय: "एवढं संपलं की उठतो." जेवायला हाक मारली की, झोपायला हाक मारली की, दाराशी कुणी आलं की. आणि तुम्ही उठायचातही. कारण ते खरंच संपायचं. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू म्हणजे पंचेचाळीस मिनिटं, मग खट्कन बटण वर यायचं आणि तुम्हाला खुर्चीतून उठून बाजू बदलावी लागायची. उठलात की पाणी प्यायचात, खिडकी लावायचात, आमच्या पांघरुणावर एक नजर टाकून जायचात. मी जागी असायचे हे तुम्हाला माहीत होतं की नाही, कुणास ठाऊक.

त्या सेवेत संपणं नावाची गोष्टच नाही. तिच्यात ऑटोप्ले असतं. पुढच्या गाण्यांची यादी उघडली की आडव्या आठसारखं एक चिन्ह दिसतं ना, तेच. ते चालू असलं की तुम्ही लावलेली गाणी झाल्यावर तशाच वळणाची दुसरी गाणी आपोआप येत राहतात. दहा कोटींच्या वर गाणी आहेत त्यांच्याकडे. 2022 मध्येच तो आकडा पार झाला. तुम्ही कितीही वेळ "एवढं संपलं की उठतो" म्हणालात तरी ते संपणार कसं? मी आले होते तेव्हा रात्री पाणी प्यायला उठले तर तुम्ही खुर्चीतच मान टाकून झोपला होता, पाय खाली लोंबकळत, आणि कुणीतरी अनोळखी माणूस तुमच्यासाठी गात होता. मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ घोट्यावर इतका खोल उमटला होता की सकाळी मी बघितलं तेव्हाही तो दिसत होता. डॉक्टरांनी तासन्‌तास पाय खाली सोडून बसू नका म्हणून सांगितलंय, हे मला आईकडून कळलं. तुम्ही सांगितलं नाहीत.

तुम्ही म्हणाल, मग नुसतं ते ऑटोप्ले बंद करायचं. तोही विचार केला. पण ते चिन्ह यादीच्या अगदी वर असतं, माउस जरा घसरला की पुन्हा चालू. आणि तेवढ्याने बाकीचं सुटत नव्हतं. आई, तू मला म्हणालीस ना, की हल्ली ह्यांच्या संगणकावर मला माझं काही सापडत नाही? तुझं बरोबर होतं. शोधायच्या चौकटीत नाव टाकलं की वरती दोन पर्याय येतात, एक त्यांचा साठा आणि एक आपला. त्यातला आपला पर्याय निवडलेला नसला, तर त्याच नावाची भलत्यांनी गायलेली गाणी समोर येतात आणि बाबांनी पंचवीस वर्षं जपलेलं नेमकं तेच दिसत नाही. बाबांनी आयट्यून्समध्ये गाणी भरायला घेतली तेव्हा त्यात फक्त आपलीच गाणी असायची. 2015 च्या जूनअखेरीस ही सेवा त्यातच आली. 2019 मध्ये आयट्यून्सचे तुकडे होऊन म्युझिक वेगळं झालं तेव्हा ती त्याच्याबरोबर गेली. स्वतःच्या कपाटात दुसऱ्याने दुकान मांडावं, तसं झालंय ते. दुकान चांगलं आहे, माझ्या फोनवर मीही तिथूनच ऐकते. पण कपाट बाबांचं आहे.

आणि आवाज! कॅसेटवरून उतरवलेली गाणी मुळातच हलक्या आवाजात आहेत. बाबा ती ऐकायला आवाज चढवतात, मग मध्येच त्या सेवेतलं एखादं आजकालचं ध्वनिमुद्रण आलं की ते कानठळ्या बसवतं. हेडफोन लावलेले असतात म्हणून बाहेर कुणाला कळत नाही इतकंच. सेटिंग्जमध्ये प्लेबॅकखाली साउंड चेक म्हणून एक खूण आहे, ती केली की सगळ्या गाण्यांचा आवाज साधारण एका पातळीवर येतो. ती करून ठेवली आहे. बाबा, तरीही हेडफोनचा आवाज अर्ध्याच्या वर नेऊ नका. आणि ऐकू येत नाही असं वाटलं तर आवाज चढवायचा नाही, कानाच्या डॉक्टरांकडे जायचं. हे मी आईलाही सांगणार आहे.

बंद करायच्या आधी मी एक काम नीट केलं, ते कळलं म्हणजे तुमची काळजी जाईल. गाण्यांच्या यादीत एक रकाना लावता येतो, क्लाउड स्टेटस नावाचा. त्यात प्रत्येक गाण्यापुढे ते कुठून आलंय ते दिसतं. त्यावर यादी लावून घेतली आणि त्या सेवेतली गाणी बाजूला काढली. ती आपण कितीही डाउनलोड केली तरी आपली होत नाहीत, सेवा चालू असेपर्यंतच वाजतात. सिंक लायब्ररी, म्हणजे त्यांची आणि आपली गाणी एकत्र ठेवणारी सोय, बंद केल्यावर ती त्या संगणकावरून गेली. पण त्यातली बाबांनी आवडीची खूण केलेली सगळी मी वहीत उतरवून घेतली आहेत. निळी वही, छापील कॅलेंडराखालच्या खणात. त्यातली कुठली खरोखर हवीत त्यावर पेन्सिलने टिक करा. आयट्यून्स स्टोअर अजून आहे, तिथे एकेक गाणं विकत मिळतं. 2009 पासून त्या गाण्यांना कुलूप नसतं, एकदा घेतली की ती फाइल आपली. मी घेऊन देईन. संकोच करू नका, भरपूर टिक करा.

दादाचं म्हणणं होतं की एवढा खटाटोप कशाला, ॲपच काढून टाक. ते निघत नाही. मॅकमध्ये, म्हणजे तुमच्या या संगणकात, हे ॲप प्रणालीबरोबरच येतं आणि प्रणालीचा तो भाग फक्त वाचण्यापुरता उघडा असतो, कचऱ्याच्या डब्यात ओढलं तरी जात नाही. ते उघडूच नये यासाठी नोट्यून्स नावाचं एक छोटं फुकट ॲप मिळतं, काही जण ते वापरतात. पण ते बसवलं असतं तर बाबांची स्वतःची गाणीही त्या खिडकीत उघडली नसती. व्हीएलसी नावाच्या दुसऱ्या ॲपमध्ये ऐकायला शिका असं तुम्हाला या वयात सांगायचं माझ्या जिवावर आलं. तुम्हाला शिकता येणार नाही म्हणून नव्हे. तुमची बोटं त्या खिडकीला सरावली आहेत, त्यांना कशाला त्रास द्यायचा.

आई, टेबल पुसताना कीबोर्डच्या वरच्या ओळीतलं त्रिकोण आणि दोन काड्यांचं बटण दाबलं गेलं आणि एकदम ती खिडकी उघडली तर घाबरू नकोस. दुसरं काही वाजत नसेल तर त्या बटणाने म्युझिकच उघडतं, ती त्याची रीतच आहे. आता उघडलं तरी आपलीच यादी दिसेल. खिडकी मिटवून टाकायची, झालं.

आणखी एक केलंय, आणि ते मला स्वतःला फार आवडलंय. बाबा, तुमच्या कॅसेटची खोकी मी माळ्यावरून काढली (हो, स्टुलावर चढले, दादाने धरलं होतं) आणि पाठीवर तुमच्या अक्षरात लिहिलेल्या याद्या बघून संगणकात तशाच याद्या करायला घेतल्या. प्रत्येक कॅसेटच्या दोन: 'बाजू अ' आणि 'बाजू ब'. क्रम तुमचाच. एके ठिकाणी तुम्ही एक गाणं खोडून वर दुसरं लिहिलंय आणि शेजारी "हिच्यासाठी" असं आहे, ते मी मुकाट्याने तसंच ठेवलं. ती 'ही' म्हणजे कोण, ते आईने ठरवावं. रिपीट बंद आहे. त्यामुळे बाजू संपली की थांबेल. पुढची लावायला माउसच लागतो, उठावं लागत नाही, हे मला कळतं. पण थांबेल तेव्हा उठायचं. घरात एक फेरी मारायची, पाणी प्यायचं, मग वाटलं तर दुसरी बाजू. एक मात्र लक्षात ठेवा, सगळ्या गाण्यांच्या लांबलचक यादीतून गाणं लावलंत तर ते खालपर्यंत वाजतच जाईल. लावायचं ते या याद्यांमधून.

त्या कॅसेट उतरवायचे दिवस आठवतात का हो? नव्वद मिनिटांची कॅसेट उतरवायला नव्वद मिनिटंच लागायची. तुम्ही एक बोट ओठांवर ठेवायचात आणि आम्ही दोघं सतरंजीवर श्वास रोखून बसायचो. खोकला आला की उशीत तोंड खुपसायचो. कितीतरी वर्षांनी मला कळलं की आवाज वायरमधून जात होता, आम्ही फुटबॉल खेळलो असतो तरी त्यात काही आलं नसतं. तुम्हाला हे तेव्हाच माहीत होतं, बाबा. मला पक्की खात्री आहे. एका संध्याकाळी दीड तास शांतता मिळवायची याहून चांगली युक्ती मला अजून माझ्या घरात सापडलेली नाही.

मग तुम्ही ऑडॅसिटी या आवाज कापायच्या ॲपमध्ये ती लांबच लांब लहर उघडायचात आणि दोन गाण्यांमधली सपाट रेघ शोधायला मला मांडीवर घ्यायचात. "इथे काप," असं मी म्हणायचे. बाबा, तुमची निम्मी गाणी मी कापलेली आहेत, तेव्हा त्यांच्यावर माझाही थोडा हक्क पोचतो.

तुम्हाला नवं काही ऐकायचं असेल तर मी अडवत नाही. आईच्या फोनवर ऐका, दोघं शेजारी बसून. आणि अगदीच राहवलं नाही तर हे घ्या, लपवून ठेवत नाही: म्युझिक, मग सेटिंग्ज, मग जनरल, तिथे 'शो'च्या पुढे ॲपल म्युझिक लिहिलंय, त्यावर खूण करायची की सगळं परत दिसायला लागेल. तुमचा संगणक आहे, तुम्ही ठरवा. मला वाईट वाटणार नाही. थोडं वाटेल. पण त्याच पानावरच्या सिंक लायब्ररीला मला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, ते चालू झालं की पुन्हा दोन्हीकडची गाणी एकत्र होतील आणि मला पुन्हा निवडत बसावं लागेल.

आता राहिलेल्या सूचना, आणि या ऐकायच्याच आहेत. काळी डिस्क दर रविवारी सकाळी संगणकाला जोडायची, संगणकातलं टाइम मशीन सगळ्याची आपोआप नक्कल घेईल, आई ती संध्याकाळी काढेल. काढताना आधी पडद्यावरून 'इजेक्ट' करायचं, नुसती वायर ओढायची नाही. बाबा, त्या खुर्चीसमोर मी पायाखाली घ्यायला ठोकळा ठेवलाय, तो कुंडीखाली सरकवलेला मला व्हिडिओ कॉलवर दिसला. परत आणा. रात्री दहानंतर संगणक झोपवायचा, आईला त्या उजेडाने झोप येत नाही, ती बोलत नाही इतकंच. आणि मोजे सैल घ्या. नवे पाठवलेत, जुने मला पुन्हा दिसता कामा नयेत.

दादाशी मी बोलते, तुम्ही त्यात पडू नका.

तुमची,
ताई

ता. क. : आई, बाबांनी पत्र वाचून "हं" म्हटलं की रागावलेत असं समजायचं नाही. संध्याकाळी ते कुठल्या कॅसेटची कुठली बाजू लावतात तेवढं मला मेसेज कर. 'हिच्यासाठी' वाली लावली तर फोनच कर.