नेताजींची पाणबुडी आणि डिझेलचा हिशेब

डोंबिवली

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. १९४३ मध्ये नेताजींना जर्मनीहून मादागास्करजवळ नेणारी पाणबुडी ‘साधीच जर्मन यू-बोट’ होती असं तू ठोकून दिलंयस, ते काही मला पटलं नाही. साध्या यू-बोटीला मादागास्कर झेपलंच नसतं. कुठली पाणबुडी कुठल्या समुद्रात धाडायची हे जर्मन नौदलात टॉर्पेडोंपेक्षा पोटात मावणाऱ्या डिझेलवर जास्त ठरायचं.

साधी म्हणायचीच तर टाइप सात, त्यातली ‘सी’. ६७ मीटर लांब, १४ टॉर्पेडो, पन्नासेक माणसं. युद्धात सगळ्यात जास्त बांधली गेली ती हीच. आपण ‘पाणबुडी’ म्हणतो खरे, पण ही बाई बहुतेक वेळ पाण्यावरच असायची. बुडी मारली की बॅटरीवर चार नॉटच्या (म्हणजे तासाला चार सागरी मैलांच्या) चालीने ऐंशीएक मैल, मग संपलंच. त्यामुळे दिवसा लांबून मालवाहू जहाजांच्या ताफ्याचा माग काढायचा, रेडिओवरून बाकीच्यांना गोळा करायचं आणि रात्री वर राहूनच तुटून पडायचं. ब्रिटिशांचं ॲस्डिक हे ध्वनिलहरींचं यंत्र पाण्याखालचं शोधणारं, त्याला तरंगणारी ठेंगणी बोट कळत नसे. ऑक्टोबर १९४० मध्ये एससी-७ या ताफ्यातल्या ३५ पैकी २० जहाजं अशीच गेली. त्या रात्री ओटो क्रेच्मरने आपली यू-९९ थेट जहाजांच्या रांगांमध्ये घुसवली होती. ती सातचीच, पण जरा आधीची आवृत्ती.

आतली दाटी मात्र वाचवत नाही. निघताना दोनपैकी एक संडास शिधासामानाने गच्च भरलेला. ते संपेपर्यंत पन्नास जणांत एकच! एकजण पहाऱ्यावर गेला की त्याच्या उबदार बिछान्यात दुसरा शिरायचा. डोक्यावर सॉसेज लोंबकळतायत, पावाला बुरशी धरलीय. गणपतीच्या दिवसांतली कोकण रेल्वे परवडली.

टाइप नऊ थोरली. २२ टॉर्पेडो, आणि ‘नऊ-सी’ची मजल दहा नॉटने तेरा हजार सागरी मैलांच्या वर. पण अंगाने अवजड आणि बुडी मारायला संथ, त्यामुळे ताफ्याभोवतीच्या झटापटीत ती मार खायची. तिचं काम लांब जाऊन एकट्याने शिकार करायची. जानेवारी १९४२ मध्ये अमेरिकेच्या किनाऱ्यावर पहिल्या पाच गेल्या त्या नऊच होत्या. हार्डेगनची यू-१२३ न्यूयॉर्कपाशी पोहोचली तेव्हा किनाऱ्यावरचे दिवेसुद्धा विझवलेले नव्हते. मागोमाग टाइप सातवाल्यांनीही हट्टाने अमेरिका गाठली, पण कशी? धुण्यापिण्याच्या पाण्याच्या काही टाक्यांत डिझेल भरून. पुढे त्यांना समुद्रातच तेल द्यायला टाइप चौदा आली. टॉर्पेडोच्या नळ्या नाहीत, नुसतं देण्यासाठीचं तेल, वर ताजा पाव भाजायची भट्टी. भर समुद्रात तासन् तास नळी जोडून उभं राहायचं म्हणजे विमानांना आवतणच. दहा बांधल्या, दहाही गेल्या.

आता तुझी नेताजींची बोट. यू-१८० ही ‘नऊ-डी-वन’, म्हणजे नऊचा ताणून लांब केलेला अवतार, जवळजवळ ८८ मीटर. अशा दोनच झाल्या. वेग मिळावा म्हणून तिच्यात वेगवान टॉर्पेडो-नौकांची सहा डिझेल इंजिनं कोंबली होती. ती भयंकर तापायची आणि धूर ओकायची, लपतछपत जाणाऱ्या बोटीला याहून मोठा शाप नाही. फेब्रुवारी १९४३ मध्ये कीलहून निघून, अटलांटिक उतरून, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाच्या केपला वळसा घालून हीच नेताजींना आणि त्यांचे सहकारी आबिद हसन यांना घेऊन गेली. वाटेत तिने ‘कॉर्बिस’ नावाचं ब्रिटिश तेलवाहू जहाजही बुडवलं, तेव्हा नेताजी आत होते. एप्रिलअखेर मादागास्करच्या आग्नेयेला जपानी पाणबुडी आय-२९ भेटली. समुद्र इतका खवळलेला की दोघांना रबरी होडीत बसवून दोराच्या आधाराने पलीकडे न्यावं लागलं. उलट दिशेने दोन जपानी अधिकारी यू-१८० वर आले. तुला ही साधी बोट वाटते?

‘नऊ-डी-टू’ मात्र जमून आली होती. वोल्फगांग ल्यूटची यू-१८१ मार्च १९४३ मध्ये निघाली ती मॉरिशस, मादागास्करकडे शिकार करून थेट ऑक्टोबरात परतली. दोनशेहून जास्त दिवस!

मग आपल्या दारात कोण आलं? पावसाळा सरताच अरबी समुद्रात उतरायचं म्हणून जर्मनांनी ‘मॉन्सून’ नावाचा गट पाठवला. बऱ्याच अटलांटिकमध्येच बुडाल्या किंवा माघारी फिरल्या. पाच जणींनी सप्टेंबर १९४३ मध्ये ‘ब्राके’ या जर्मन टँकरकडून हिंदी महासागरात तेल घेतलं आणि उत्तरेला अरबी समुद्राकडे आल्या. त्यातल्या यू-१६८ ने ऑक्टोबरच्या सुरुवातीला मुंबईच्या समुद्रात ‘हायचिंग’ हे जहाज बुडवलं. यू-५३३ त्याच महिन्यात ओमानच्या आखातात विमानाने बुडवली, एकच माणूस वाचला. उरलेल्या चार मलायातल्या, जपान्यांच्या ताब्यातल्या पेनांग बंदराला पोहोचल्या.

म्हणून मुरगावची ती गोष्ट मी जरा हातचं राखूनच ऐकतो. तिथे थांबलेल्या ‘एरेनफेल्स’ या जर्मन जहाजावरच्या गुप्त रेडिओमुळे यू-बोटींना जहाजांचा पत्ता लागायचा, म्हणून कलकत्त्याच्या पोट सुटलेल्या हौशी ब्रिटिश घोडेस्वारांनी ९ मार्च १९४३ ला पोर्तुगीज बंदरात शिरून छापा घातला. छापा खराच, जहाजही बुडालं. पण मॉन्सून गट त्यानंतर सहा महिन्यांनी आला. त्याचं श्रेय-अपश्रेय त्या रेडिओला कसं द्यायचं?

एक राहिलं. टाइप दोन ही अगदी चिमुकली, पाच टॉर्पेडोंची. तिच्यातल्या सहा सुट्या करून एल्बे नदीतून, मग महामार्गावरून डॅन्यूबपर्यंत ओढत नेल्या आणि काळ्या समुद्रात सोडल्या. सगळ्यात लहान बोटीने सगळ्यात विचित्र प्रवास केला, मला तरी हीच आवडते. आणि खरी पाण्याखाली धावणारी टाइप एकवीस? तिची यू-२५११ नॉर्वेतल्या बर्गेनहून ३० एप्रिल १९४५ ला निघाली. चार-पाच दिवसांत लढाई थांबवायचा हुकूम आला, एक टॉर्पेडो न सोडता परत.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. तुझा मुद्दा अजून सोडत नसलास तर उत्तर सविस्तर लिही, फोनवर भांडण होत नाही नीट.

तुझा,
विनायक