खरा कर्ता शोधायला शिकवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

इंग्रजीत कर्ता आणि क्रियापद यांचा मेळ कसा घालावा, हे आपण ज्या रीतीने शिकवलेत, त्याबद्दल आपले जाहीर आभार मानावेत, असे बरेच दिवस मनात होते. साध्या वर्तमानकाळात कर्ता तृतीयपुरुषी एकवचनी असेल तर क्रियापदाला 'एस' किंवा 'ईएस' लागतो, हा नियम कोणत्याही व्याकरणात सहज सापडतो. आपण मात्र त्यापाशी फारसे थांबला नाहीत. नियम पाठ असूनही वाक्य चुकते, कारण खरा कर्ता कोणता हेच हेरलेले नसते, असे आपले म्हणणे होते.

'द लिस्ट ऑफ बुक्स इज ऑन द टेबल' या वाक्याखाली आपण फळ्यावर 'पुस्तकांची यादी टेबलावर आहे' असे लिहिलेत, आणि बरेच काही उलगडले. मराठीत 'पुस्तकांची' आणि 'टेबलावर' हे शब्द आपण कर्ता नसल्याचे आपल्या रूपानेच सांगतात, आणि 'यादी'ला कोणताही प्रत्यय नसल्याने ती लगेच ओळखू येते. इंग्रजीत मात्र 'लिस्ट' पुढे निघून जाते आणि 'बुक्स' हे धडधाकट अनेकवचन क्रियापदाला अगदी खेटून उभे राहते, त्यामुळे हात आपसूक 'आर'कडे वळतो. त्यावर आपला उपाय असा की, 'ऑफ'पासून क्रियापदापर्यंतचा मजकूर पेन्सिलीने कंसात टाकायचा आणि उरलेले वाक्य मोठ्याने वाचायचे. 'द टीचर, ॲज वेल ॲज द स्टुडंट्स, इज रेडी' यासारखी वाक्येही त्याच कंसाने सुटतात.

हा उपाय सगळीकडे चालतो, असा दावा आपण कधी केला नाहीत, हे मला विशेष भावले. 'द नंबर ऑफ स्टुडंट्स इज स्मॉल' येथे कंस चालतो. 'अ नंबर ऑफ स्टुडंट्स आर ॲब्सेंट' येथे तो फसतो, कारण तेथे पहिले तीन शब्द मिळून केवळ 'अनेक' एवढेच सांगतात आणि क्रियापद 'स्टुडंट्स'च्या मागे जाते. 'न्यूज' एकवचनी आणि 'पोलीस' अनेकवचनी, हे सरळ पाठ करा म्हणालात. 'टीम'पुढे ब्रिटिश लेखनात 'इज' आणि 'आर' दोन्ही आढळतात, अमेरिकन लेखनात बहुधा 'इज'च असतो. तेव्हा एका लेखात एकच पद्धत पाळा, एवढे सांगून तो वाद आपण मिटवलात. (वर्गातला वाद मात्र मधल्या सुट्टीतही चालू राहिला.)

आदरार्थी अनेकवचनाचा भागही असाच लक्षात राहिला. 'वडील घरी आहेत' असे म्हणण्याची सवय असल्याने 'माय फादर इज ॲट होम' हे वाक्य प्रथम जरा उद्धट वाटते. पण इंग्रजीत आदर दाखवण्यासाठी तृतीय पुरुषातील क्रियापद बदलत नाही, आणि 'यू' मात्र समोर एकच व्यक्ती असली, मग ती लहान असो वा थोर, तरी 'आर'च घेतो, हे आपण अतिशय शांतपणे समजावलेत.

आता सहकारी आपले इंग्रजी मसुदे तपासायला माझ्याकडे आणतात, तेव्हा मीही थेट उत्तर न देता आधी त्यांच्या हाती पेन्सिल देते. थोडी कुरकुर होते, पण कंस घातले जातात. त्यांच्या वतीनेही आपले मनःपूर्वक आभार.

आपली विद्यार्थिनी