औंधाची बाजू: मित्रास पत्र

प्रिय मुकुंद,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. संस्थानिक म्हणजे शिकार, मेजवान्या आणि इंग्रज साहेबापुढं मुजरे, एवढं लिहून तू विषय मिटवून टाकलास. कोल्हापूर-बडोद्याची नावं घेऊन तुला गप्प करता आलं असतं, पण त्यांची ऐपतच मोठी होती. मी औंध या चिमुकल्या संस्थानाची बाजू मांडणार आहे. उणीपुरी बहात्तर गावं, तीही सलग नाहीत. औंध खटावात, आटपाडी माणदेशात, कुंडल कृष्णेच्या खोऱ्यात. मध्ये इंग्रजांचा मुलूख.

१९०९ साली भवानराव, म्हणजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, गादीवर आले. माणूस छांदिष्ट. स्वतः चित्रं काढायचे, सूर्यनमस्काराच्या प्रचाराचं तर वेडच होतं. औंधच्या टेकडीवरच्या संग्रहालयात आजही रविवर्म्याची अस्सल चित्रं आहेत आणि हेन्री मूरचं एक शिल्पही. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला सुरुवातीचं पाठबळ त्यांचंच. १९३५च्या इंदूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. पण हौशी राजे पुष्कळ झाले, तेव्हा हे सगळं बाजूला ठेवू.

किर्लोस्करांचं बघ. लक्ष्मणराव मुंबईची शिक्षकाची नोकरी सोडून बेळगावला आले, सायकली विकल्या, मग कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर करू लागले. शेतकरी नांगराला हात लावेनात. लोखंडानं जमिनीत विष भिनतं, अशी समजूत! त्यात कारखान्याची जागा नगरपालिकेला हवी झाली आणि बिऱ्हाड उचलायची वेळ आली. बाळासाहेबांनी त्यांना आपल्या मुलखात बोलावलं आणि कुंडलजवळचा रेल्वेलगतचा माळ दिला. निवडुंग आणि साप, दुसरं काही नाही. १९१०च्या मार्चमध्ये मंडळी तिथं उतरली, निवडुंग तोडला आणि किर्लोस्करवाडी वसली. लक्ष्मणराव तरी कमी धाडसाचे होते का? शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीच्या राखणीला ठेवलं. पुढं १९२०त कारखान्याच्या बातम्यांसाठी ‘किर्लोस्कर खबर’ निघालं. त्याचं मासिक झालं आणि दहा वर्षांनी ‘स्त्री’ही आलं. नांगराच्या कारखान्यातून मराठी मध्यमवर्गाच्या घरात नवे विचार गेले. मला तर वाटतं, वाडीचा नांगर शेतात रुळला त्याहून तिची मासिकं माजघरात जास्त खोल गेली. तू म्हणशील, उद्योगपतीला जमीन देण्यात विशेष काय? आज काही नाही. १९१०त होतं.

खरा मासला पुढं आहे. १९३८ साली बाळासाहेबांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती द्यायचं ठरवलं. त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब बॅरिस्टर होऊन आले होते. मॉरिस फ्रिडमन नावाचा पोलंडचा एक इंजिनिअर बंगळुरूची बरी नोकरी सोडून गांधींच्या नादी लागला होता, तोही मदतीला. सगळे गांधींकडे गेले आणि १९३९च्या जानेवारीत औंधची राज्यघटना अमलात आली. पाया गावची पंचायत, तिच्यावर तालुका, मग विधिमंडळ. गावातले तंटे गावातच मिटू लागले. बाकीचे संस्थानिक सत्तेचा एकेक कण जपत असताना हा गृहस्थ हातानं सोडत होता.

फ्रिडमनच्याच डोक्यातून आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ निघालं. भिंती नसलेला तुरुंग. खुनासारख्या गुन्ह्यातले कैदी तिथं राहून शेती करायचे. माणदेशातल्याच गदिमांनी पुढं ‘दो आँखें बारह हाथ’ लिहिला, त्याची कल्पना इथलीच. शांतारामबापूंचा तो चित्रपट १९५७चा. तू तो किती वेळा पाहिलास ते मला ठाऊक आहे, पण आटपाडीचं नाव तुझ्या तोंडून कधी ऐकलं नाही.

आता तुझ्या बाजूचंही एक लिहितो, नाहीतर म्हणशील भाट झाला. हे सगळं राजाच्या मर्जीवर होतं. स्वराज्यसुद्धा दान म्हणून आलं. बाळासाहेबांच्या जागी दुसरा कोणी असता तर औंधची प्रजा काय करणार होती? याचं अर्धं उत्तर कुंडलनं दिलं. बेचाळीसनंतर नाना पाटलांच्या प्रतिसरकारचं, म्हणजे इंग्रजांना न जुमानता चालवलेल्या समांतर सरकारचं, ते एक मोठं ठाणं झालं. जी. डी. बापू लाड तिथलेच, प्रतिसरकारचं सशस्त्र दल, म्हणजे तुफान सेना, त्यांची. १९४३च्या जूनमध्ये शेणोलीजवळ सरकारी पैसा नेणारी गाडी लुटली ती याच पोरांनी. न्यायनिवाडेही ते करत, आणि ते सौम्य नसत. म्हणजे एकाच मुलखात एक स्वराज्य वरून दिलेलं आणि दुसरं खालून घेतलेलं. त्यात औंधच्या दरबारानं भूमिगतांकडे बरीच डोळेझाक केली. हा मेळ दुसऱ्या कुठल्या संस्थानात सापडतो, सांग मला.

१९४८च्या मार्चमध्ये औंध मुंबई प्रांतात विलीन झालं. बाळासाहेब १९५१त गेले, आप्पासाहेब भारताचे राजदूत म्हणून देशोदेशी फिरले. विलीनीकरण व्हायलाच हवं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती नऊ वर्षं चाललेल्या ग्रामराज्याचा अनुभव नव्या सरकारनं विचारलाही नाही याची. पंचायत राज आलं १९६२त, जिल्हा परिषदांच्या रूपानं. तेव्हा औंधचे जुने पंच हयात असणार. त्यांच्याशी कोणी बोललं असेल, असं तुला वाटतं? तुझे काका त्या काळात जिल्हा परिषदेत होते ना? त्यांना विचारून कळव. आणि संस्थानिकांबद्दलचं ते वाक्य मागं घ्यायचं नसेल तर निदान त्यात ‘औंध वगळून’ एवढं घाल.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीपाद